दोन हैदराबाद आणि टायफॉइडची लस

२८ डिसेंबर २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी अँटिबायोटिकचा विषय काढला. न्यूमोनिया आणि मूत्रमार्गाच्या संसर्गावर ही औषधे कमी चालू लागली आहेत, असे त्यांनी आयसीएमआरच्या अहवालाचा हवाला देऊन सांगितले. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या घेऊ नका, हा त्यांचा सल्ला योग्यच आहे. पण जंतूंशी मुळात लढते ते आपले शरीर, आणि त्या शरीराला आधीच तयार ठेवता येते, ही बाजू अशा चर्चेत मागे पडते. आपण हैदराबादकरांनी तरी ती विसरू नये, कारण तिचे एक ठळक उदाहरण आपल्याच शहरात तयार झाले आहे.

सिंधमध्येही एक हैदराबाद आहे. २०१६ च्या अखेरीस तिथे टायफॉइडची साथ सुरू झाली. जुनी औषधे चालेनात, सेफ्ट्रिआक्सोनचे इंजेक्शनही निष्प्रभ ठरले. तोंडाने घेण्याच्या औषधांत भरवशाचे उरले ते अ‍ॅझिथ्रोमायसिन. त्यापलीकडे शिरेतून द्यायची महागडी कार्बापेनेम. तेव्हा तिथल्या मुलांना लस देण्याचे ठरले. ती लस होती टायपबार-टीसीव्ही, आपल्या हैदराबादच्या भारत बायोटेकची. तिथे झालेल्या अभ्यासात या हट्टी टायफॉइडपासूनही सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळाल्याचे आढळले. २०१९ मध्ये पाकिस्तानने ही लस राष्ट्रीय लसीकरणात घेतली. असे करणारा तो जगातला पहिला देश.

जो जंतू इतक्या औषधांना दाद देत नाही, तो लस घेतलेल्या शरीरापुढे का हरतो? औषध जंतूच्या आतल्या एखाद्या यंत्रणेवर घाव घालते. जंतू ती यंत्रणा बदलतो, किंवा औषधच फोडून टाकतो. शरीरातली प्रतिपिंडे मात्र त्याचे बाहेरचे रूप पाहतात, आणि औषध पचवायला शिकल्याने ते रूप बदलत नाही.

अडचण वेगळीच आहे. आपल्या पहारेकरी पेशी अनेक जंतूंच्या भिंतीत सापडणारे ठरावीक पदार्थ ओळखून आरडाओरडा करतात. टायफॉइडचा जंतू त्यावर साखरेच्या रेणूंचे पांघरूण घेतो. त्याला 'व्हीआय' म्हणतात. त्यामुळे तो फारसा गाजावाजा न होता आत शिरतो आणि जी पेशी त्याला गिळते तिच्यातच बिऱ्हाड करतो. ताप बहुधा आठ-पंधरा दिवसांनी, हळूहळू चढतो, तो यामुळेच.

लस नेमके ते पांघरूणच शरीराला आधी दाखवून ठेवते. पण दोन वर्षांखालच्या बाळाचे शरीर नुसत्या साखरेची नीट दखल घेत नाही. म्हणून ती धनुर्वाताच्या लशीतल्या प्रथिनाला जोडतात. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्जदार अनोळखी, पण जामीनदार चांगला. प्रथिन ओळखणाऱ्या टी पेशी मदतीला येतात, बी पेशी पक्की प्रतिपिंडे बनवू लागतात आणि आठवणही टिकते. सहा महिन्यांच्या बाळालाही ही लस चालते ती या जोडणीमुळे. पुढे खरा जंतू आला की प्रतिपिंडे त्याला चिकटतात आणि भक्षक पेशींना तो सहज सापडतो.

प्रतिपिंडांमुळे आपल्याकडे एक घोळही होतो. ताप आला की विडाल चाचणी, आणि ती पॉझिटिव्ह आली की अँटिबायोटिक, असा परिपाठ पडला आहे. विडाल जंतू शोधत नाही, प्रतिपिंडे मोजते. ती जुन्या संसर्गाची असू शकतात, दुसऱ्याच एखाद्या जंतूमुळेही असू शकतात. खरा उलगडा होतो रक्ताच्या कल्चरने, तोही गोळ्या सुरू करण्यापूर्वी रक्त घेतले तर. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात आणि आपल्याला दम धरवत नाही. सभासदांनी निदान डॉक्टरांना "कल्चर करायचे का?" एवढे विचारावे.

लस आली म्हणून गढूळ पाणी चालेल, असे नाही. टायफॉइड शेवटी दूषित पाण्याचा आणि अन्नाचा रोग आहे. पण नळ आणि गटारे दुरुस्त व्हायला वर्षे लागतात; लस एका सकाळी देता येते. जगातले निम्म्याहून अधिक टायफॉइडचे रुग्ण भारतात असावेत असा अंदाज आहे. तरीही आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ही लस अजून नाही. जिथे ती बनते त्या शहरातही नातवंडाला द्यायची तर बहुतेकांना खासगी दवाखान्यात पैसे मोजावे लागतात. ज्याला ते परवडत नाही, त्याच्याच वस्तीत पाणी वाईट असते.

एका महापालिकेने मात्र केंद्राची वाट पाहिली नाही. २०१८ मध्ये नवी मुंबईने स्वतः मोहीम काढून एक लाखाहून अधिक मुलांना ही लस टोचली. आपल्या महापालिकेकडे तशी मागणी करायला मंडळाला कुणाची हरकत असू नये.