दोन चाव्यांची तिजोरी

दोघांनी मिळून लिहिलेली कादंबरी हाती पडली की वाचक पहिला प्रश्न विचारतो तो हा, की यातलं तुमचं कुठलं आणि त्यांचं कुठलं? माझी आणि एका मित्राची अशी एक जोडकादंबरी आहे. ती प्रसिद्ध झाल्यापासून हा प्रश्न मला व्याख्यानानंतरच्या चहाला, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंड उघडं असताना विचारला गेला आहे. विचारणाऱ्याच्या मनात वावगं काही नसतं. भावाभावांत घराची वाटणी होते तशी पानांची झाली असणार, असं त्याने धरलेलं असतं, इतकंच. हा समज खोडून काढावा असं मला फार दिवस वाटत होतं. सध्या त्याला निकडीचं कारणही आहे, ते पुढे येईलच.

सिनेमाच्या पटकथेवर सलीम-जावेद अशी दोन नावं आपण सहज स्वीकारली. कादंबरी मात्र एकट्याने, खोलीचं दार लावून लिहायची गोष्ट, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. वास्तविक आपल्याकडे बायकांनी शेकडो वर्षं जात्यावर काय केलं? खुंट्याला दोघींचे हात, ओवी एकीने उचलायची आणि दुसरीने पुढे न्यायची. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी अशा लाखभर ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या. त्यांतल्या एकेका ओवीची मूळ मालकीण शोधायला गेलं, तर बायका हसतील.

पानांची वाटणी करूनही जोडकादंबरी लिहिता येते, हे खरं. हिंदीतली ‘एक इंच मुस्कान’ तशीच आहे. राजेंद्र यादव आणि मन्नू भंडारी या नवरा-बायकोने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती लिहिली. नायक अमर याची प्रकरणं यादवांनी लिहिली, अमला आणि रंजना या दोघींची मन्नूजींनी. तिथे दोन शैली एकमेकींत मिसळायच्या नव्हत्याच. पुरुषाकडून दिसणारं जग आणि बायकांकडून दिसणारं जग शेजारी शेजारी ठेवायचं होतं, तेव्हा सांधा दिसला तरी चालणार होतं; किंबहुना तो दिसायलाच हवा होता. मला ती कादंबरी आवडते. पण ते दोन खोल्यांचं घर आहे, एका चुलीचं नव्हे.

एका चुलीचं उदाहरण हवं तर रशियात जावं लागेल. ओडेसा गावचे दोन तरुण, इल्या इल्फ आणि येवगेनी पेत्रोव, मॉस्कोत रेल्वे कामगारांच्या ‘गुदोक’ या वर्तमानपत्रात नोकरी करत. पेत्रोवचा थोरला भाऊ वालेंतीन कातायेव हा तेव्हा नावाजलेला लेखक होता. त्याने या दोघांना विषय दिला: बारा खुर्च्यांपैकी एकीत हिरे दडवलेले आहेत, ती शोधायची. मजकूर तुम्ही लिहा, शेवटचा हात मी फिरवीन, असा करार. दोघं दिवसभराची नोकरी संपल्यावर त्याच कचेरीत बसून लिहू लागले. सुरुवातीची प्रकरणं वाचून कातायेवने सांगितलं, की यावर माझ्या हाताची गरज नाही, तुमचं तुम्ही पूर्ण करा. ‘बारा खुर्च्या’ १९२८ साली आली आणि पुस्तक त्यालाच अर्पण केलेलं आहे.

हे दोघं वाक्यन् वाक्य एकत्र बसून, मोठ्याने बोलून लिहीत. त्यांचा एक नियम पेत्रोवने पुढे सांगून ठेवला आहे. एकच शब्द दोघांना एकाच वेळी सुचला तर तो टाकून द्यायचा! कारण जो दोघांना एकदम सुचतो, तो तिसऱ्या-चौथ्यालाही सुचेल. म्हणजे तो फार जवळ पडलेला होता. आपण साधारणपणे उलट समजतो. दोघांचं एकमत झालं म्हणजे वाक्य पक्कं, असं आपल्याला वाटतं. त्यांच्या लेखी एकमत ही धोक्याची खूण होती.

पुढे १९३५-३६मध्ये ते मोटारीने अमेरिका फिरून आले. त्या प्रवासावरचं, १९३७ सालचं पुस्तक लिहिताना मात्र ते वेगवेगळे बसले. वीस प्रकरणं इल्फने लिहिली, वीस पेत्रोवने, आणि सात जुन्या पद्धतीने एकत्र. एक चाणाक्ष समीक्षक कुठलं प्रकरण कोणाचं ते ओळखायला बसला, आणि त्याला ते जमलं नाही. दहा वर्षं एकमेकांची वाक्यं तपासून दोघांच्या आत तिसराच एक लेखक तयार झाला होता, आणि एव्हाना तो प्रत्येकाच्या खोलीत एकटाही बसू शकत होता.

हे मला वाचल्या वाचल्या पटलं, त्याला माझी नोकरी कारण असावी. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. सकाळी कॅशियरला उशीर झाला की मॅनेजर कितीही मोठा असो, काउंटरपाशी लोकांकडे बघत उभा राहतो. मी तेहतीस वर्षं यातली एक चावी सांभाळली. नवीन पोरांना वाटतं, ही व्यवस्था चोरीसाठी आहे. चोरीसाठी आहेच, पण एकट्याच्या घाईसाठी आणि एकट्याच्या खात्रीसाठी जास्त आहे.

नव्वदच्या दशकात माझी बदली अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली. तिथल्या शाळेत मराठी शिकवणारे एक मास्तर घरची सहा एकर कोरडवाहू शेतीही पाहत. पीककर्जाच्या निमित्ताने ओळख झाली आणि मग पुस्तकांवर येऊन थांबली. कापसाच्या एकाधिकार खरेदीच्या काळावर कादंबरी लिहायची, हे आमचं ठरलं ते बरंच पुढे, मी पुण्यात परत आल्यावर. १९७२ साली सुरू झालेल्या त्या योजनेत शेतकऱ्याने कापूस सरकारला घालायचा आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. कर्जाच्या फाइली मी पाहिल्या होत्या. खरेदी केंद्राबाहेरच्या बैलगाड्यांच्या रांगेत मास्तर रात्र रात्र झोपले होते.

शैली म्हणाल तर आमचं काही म्हणता काही जुळत नव्हतं. कर्जप्रकरणांवर शेरे मारून मारून माझी वाक्यं आखूड आणि वाळलेली. मास्तरांची वाक्यं पोळ्याच्या बैलासारखी झूल घालून, घुंगरं वाजवीत निघत. माझी पहिली दहा पानं वाचून त्यांनी फोन केला, “साहेब, हे वाचून मले तहान लागली.” मी म्हटलं, “मास्तर, तुमच्या वाक्यात कर्ता कुठे पडलाय, त्याचा पंचनामा करावा लागतो.” सुरुवातीला आम्ही तडजोडी केल्या. त्यांनी चार विशेषणं काढायची, मी दोन घालायची. त्यातून जे निघालं ते ना त्यांचं होतं ना माझं, कुणाचंच नव्हतं. सरासरी काढून व्याज आकारता येतं, वाक्य लिहिता येत नाही.

मार्ग सापडला तो एका प्रसंगात. नवरा वारलेली एक बाई वारस म्हणून कागदावर अंगठा द्यायला बँकेत येते. मी लिहिलं होतं, तिने अंगठा दिला आणि ती गेली. मास्तरांनी त्याचं एक पान केलं आणि शेवटी बाईला अंगठ्याची शाई पदराला पुसायला लावली. मी अडलो. आमच्या शाखेत लोक शाई भिंतीला पुसत. काउंटरच्या खाली, कमरेच्या उंचीवर, एक जांभळा पट्टा पडलेला असे. दिवाळीला रंग दिला तरी संक्रांतीपर्यंत पुन्हा हजर. मास्तरांनी पट्टा पाहिला होता, तो शाईचा आहे हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, “अन् ही बाई भिंतीलेच का पुसते, सांगू? लुगडं तिचं नाही. बँकेत यायचं म्हणून जावेचं मागून आणलं.” हे मला जन्मात सुचलं नसतं. शेवटी एवढंच राहिलं: अंगठा उठवून झाल्यावर बाईने पदराकडे पाहिलं. पदर जावेचा होता. मग तिने भिंतीवर, इतरांच्या बोटांमध्ये, जागा शोधली.

आता सांगा, यातलं माझं कुठलं? वाक्यांची लांबी माझी, तर लुगडं मास्तरांचं. भिंत माझी, पण बाईचं पदराकडे पाहणं त्यांचं. ‘इतरांच्या बोटांमध्ये’ हे शब्द कोणाचे, यावरून पुढे आमचा वादही झाला, कारण दोघंही म्हणत होतो, ते तुमचेच. त्या दिवसापासून मी ‘शैलीचं मिश्रण’ हा शब्द वापरणं सोडलं. दोन माणसांना ज्या दोन गोष्टी ठाऊक असतात त्या एका वाक्यात बसवाव्या लागतात. वाक्याचं वळण मग त्यांच्यामागून येतं. आम्ही नियम केला, की दोघांनी होकार दिल्याशिवाय ओळ पुढे सरकायची नाही, आणि नकाराचं कारण विचारायचं नाही. तीन वर्षं लागली.

हे सगळं गोडीगुलाबीने होतं असं मात्र कोणी समजू नये. एलरी क्वीन या नावाने रहस्यकथा लिहिणारे फ्रेडरिक डॅनी आणि मॅनफ्रेड ली हे मावसभाऊ. एक कथानक रचायचा, दुसरा लिहायचा. त्यांची पत्रं २०१२ साली पुस्तकरूपाने आली. ती वाचताना वाटतं, कादंबरीत खून पडत होते म्हणून घरात पडले नाहीत. तरी १९७१ साली ली गेला आणि डॅनीने क्वीनची नवी कादंबरी काढली नाही. इल्फही १९३७मध्ये क्षयाने गेला. पेत्रोवने नंतर पुष्कळ लिहिलं, युद्धाची वार्तापत्रं लिहिली, इल्फच्या आठवणी लिहायला घेतल्या आणि १९४२मध्ये विमान अपघातात त्याचाही अंत झाला. पण त्या जोडीच्या नावावर नवी कादंबरी आली नाही.

निकडीचं कारण म्हणालो होतो, ते हे. मास्तर गेल्या वर्षी गेले. आमच्या दुसऱ्या कादंबरीची सात प्रकरणं झालेली आहेत, पुढची पाच-सहा व्हायची होती. मास्तरांची मुलगी म्हणते, “काका, बाबांची इच्छा होती, तुम्ही पुरी करा.” प्रकाशकांचंही तेच म्हणणं आहे. कथानक दोघांनी बोलून ठरवलेलं आहे, टिपणं आहेत, तेव्हा अडचण कसली? नात्यातल्या एका हुशार मुलाने तर सुचवलं, की मास्तरांची जुनी पानं संगणकाला द्या, तो त्यांच्या वळणाची वाक्यं काढून देईल. देईलही. झूल आणि घुंगरं तो हुबेहूब आणील. पण माझं पान वाचून त्याला तहान लागणार नाही, आणि मला हवा आहे तो अडणारा माणूस.

बँकेत ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशा अटीवरही खाती असतात आणि दोघांच्या सह्यांनीच चालणारीही असतात. आमचं खातं दुसऱ्या प्रकारचं होतं. म्हणून मी मुलीला आणि प्रकाशकांना कळवलं आहे, की सात प्रकरणं आहेत तशी, दोघांच्या नावांनी, अपुरी म्हणूनच छापावीत. प्रकाशक म्हणतात, अपुरी कादंबरी कोण विकत घेईल? त्यांचा प्रश्न रास्त आहे. मुलीने अजून उत्तर दिलेलं नाही, आणि तिच्या होकाराशिवाय मी काहीच करणार नाही, कारण मास्तरांची चावी आता तिच्याकडे आहे.

सातव्या प्रकरणाच्या अखेरीस, समासात, मास्तरांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, “साहेब, हा पोरगा गावात परत येईन का? मले वाटते, येईन.” माझं मत होतं, येणार नाही. त्यावर आमचं बोलणं व्हायचं होतं.