विश्लेषण : एनएच-१७ चा ६६ का झाला? हातखंब्याच्या खड्ड्याची तक्रार करायची कोणाकडे?

रत्नागिरीत आजही अनेक जण मुंबई-गोवा महामार्गाला ‘सतरा नंबर’ म्हणतात. पाटीवर मात्र ६६ दिसतो. कोल्हापूरकडे जाणारा जुना २०४ आता १६६ आहे. रस्ते तेच असताना क्रमांक का बदलले? आणि क्रमांक कळला म्हणून जबाबदार यंत्रणा कळते का?

क्रमांक कधी बदलले?

केंद्र सरकारने २०१० मध्ये देशभरातील राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले. जुना १७ क्रमांकाचा महामार्ग पनवेलपासून केरळमधील कोचीजवळच्या एडापल्लीपर्यंत होता. पुढचा रस्ता जोडून पनवेल ते कन्याकुमारी असा सलग ६६ क्रमांक तयार झाला. म्हणजे आपण ज्याला मुंबई-गोवा म्हणतो, तो कागदावर मुंबईत सुरू होत नाही आणि गोव्यात संपतही नाही.

नव्या क्रमांकांचे सूत्र काय?

पूर्वी क्रमांकावरून रस्त्याची दिशा कळत नसे. आता दक्षिणोत्तर महामार्गांना सम क्रमांक आहेत आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढतात. नागपूरवरून ४४, सोलापूरवरून ५२ आणि कोकण किनाऱ्याने ६६ जातो. पूर्व-पश्चिम महामार्गांना विषम क्रमांक असून ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. पुणे-मछलीपट्टणम महामार्गाचा क्रमांक ६५ आहे.

तीन अंकी क्रमांक म्हणजे शाखा. शेवटचे दोन अंक मूळ महामार्गाचे असतात. त्यामुळे १६६ ही ६६ ची शाखा. वडखळ-अलिबाग १६६-ए आणि गुहागर-चिपळूण-कराडमार्गे विजयपूरला जाणारा १६६-ई हेही याच कुटुंबातले.

हातखंब्याला गोंधळ का होतो?

कारण तिथे दोन महामार्ग एकत्र येतात. रत्नागिरीहून निघालेला १६६ हातखंब्याला ६६ ला मिळतो. पालीपर्यंत दोन्ही एकाच रस्त्याने जातात. पालीहून १६६ नाणीज, साखरपा, आंबा घाटमार्गे कोल्हापूरकडे वळतो. बोलीभाषेत त्याला ‘मिऱ्या-नागपूर’ असे तिसरे नावही आहे.

जबाबदारी कोणाची?

इथे क्रमांक उपयोगी पडत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात पनवेल ते इंदापूर हा टप्पा भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर इंदापूर ते झाराप हा टप्पा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे देण्यात आला. पनवेल-इंदापूरचे काम २०११ मध्ये सुरू झाले. रत्नागिरी जिल्ह्यात सर्वाधिक रखडले ते आरवली-कांटे आणि कांटे-वाकेड हे टप्पे. हातखंबा आणि पाली याच दुसऱ्या टप्प्यात येतात. मिऱ्या-नागपूरचे चौपदरीकरण मात्र प्राधिकरणाकडे. त्यामुळे हातखंबा तिठ्यावरच्या खड्ड्याची तक्रार या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरू शकते.

सागरी महामार्ग म्हणजे हाच का?

नाही. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग हा किनाऱ्यालगतचा वेगळा राज्यमार्ग आहे. कोकणातून प्रस्तावित असलेला द्रुतगती महामार्ग हा तिसराच प्रकल्प. भूसंपादनाची नोटीस आली तर ती नेमक्या कोणत्या रस्त्याची, हे आधी पाहावे. जुन्या कागदांवर १७ किंवा २०४ असेल, तर तो आजचा ६६ किंवा १६६ समजावा.

वाहनचालकांनी काय लक्षात ठेवावे?

अपघात झाल्यास किंवा तक्रार करताना फक्त ‘गोवा हायवे’ सांगून भागत नाही. महामार्गाचा क्रमांक, जवळचे गाव आणि किलोमीटरच्या दगडावरील आकडा सांगावा. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्यमार्गाचा हिरवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. लेखी तक्रार हातखंबा-पाली पट्ट्यातील असेल, तर ती दोन्ही यंत्रणांकडे देऊन पोच घ्यावी. म्हणजे ‘हा रस्ता आमचा नाही’ हे उत्तर कोणाला सहज देता येणार नाही.