आर्ट थेरपी शिकायचीय? फी भरण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की आम्हा पत्रकारांचा फोन म्हणजे करिअर मार्गदर्शन केंद्रच होतं. नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग हे नेहमीचं. हल्ली एक नवा प्रश्न येतो, "दादा, आर्ट थेरपीची डिग्री कुठं मिळते?" विचारणाऱ्या बहुतेक मुली. इंटरमिजिएटला ए ग्रेड, मानसशास्त्राची आवड. आणि मागून वडिलांचा आवाज, "चित्रं काढून पोट भरतं का?"

आधी वडिलांशी बोलतो. काका, ही चित्रकलेची शिकवणी नाही. एड्रियन हिल नावाचा ब्रिटिश चित्रकार क्षयरोगामुळं सॅनिटोरियममध्ये पडून होता. तिथं चित्रं काढताना त्याला जे उमगलं, त्याला त्यानं 1942 मध्ये 'आर्ट थेरपी' हे नाव दिलं. अत्याचार सोसलेलं लेकरू, लकव्यानं वाचा गेलेला माणूस, दारू सोडू पाहणारा तरुण, यांना शब्द सापडत नाहीत तिथं रंग कामाला येतात. चित्र सुंदर आलं का, हा प्रश्नच नसतो. काढताना माणसाच्या आत काय हललं आणि त्यावर पुढं काय बोलणं झालं, ते महत्त्वाचं.

आता मुलींशी. अमेरिकेत या विषयात पदवी घेता येते, पण तेवढ्यावर कुणी थेरपिस्ट होत नाही. त्यासाठी मास्टर्स लागतं, जाणकाराच्या देखरेखीखाली रुग्णांसोबत काम करावं लागतं. ब्रिटनमध्ये तर नोंदणी नसताना 'आर्ट थेरपिस्ट' हे नाव लावणं गुन्हा आहे. म्हणजे जिथं हे शास्त्र रुजलं, तिथंही पदवी हा फक्त पाया आहे.

आपल्याकडं 2021 च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याच्या अनुसूचीत आर्ट थेरपिस्टचा उल्लेख आला. पण कायद्यात नाव आलं म्हणून गावच्या कॉलेजात कोर्स येत नाही. ही पोकळी कोण भरतंय? 'दोन दिवसांत सर्टिफाइड आर्ट थेरपिस्ट व्हा, घरबसल्या' असल्या जाहिराती.

माझं मत स्पष्ट आहे. दोन दिवसांत मुलांना रंगांशी खेळवायला शिकता येईल, उपचार करायला नाही. समजा, एखाद्या पोरानं सगळं घर काळं रंगवलं. अर्धवट शिकलेली व्यक्ती लगेच जाहीर करणार, 'याच्या घरात काहीतरी भानगड आहे.' कदाचित डबीत काळाच खडू उरला असेल! आणि खरंच काही असलं, पोरगं बोलता बोलता हुंदके द्यायला लागलं, तर? त्याला सावरायचं कसं, पुढं कुणाकडं न्यायचं? लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे त्या सर्टिफिकेटवाल्यांनी शिकवलंय का? इथं चूक झाली तर भोगणार ते लेकरू.

मग करायचं काय? मानसशास्त्र घेऊन बीए करा, चित्रकला सोडू नका. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनरची सोय आहे. मानसशास्त्र मेजर आणि चित्रकला मायनर मिळतं का, कॉलेजात विचारा. सुट्टीत जवळच्या विशेष मुलांच्या शाळेत मदतीला जा. हे काम आपल्याला झेपतं का, ते तिथं महिनाभरात कळेल. मास्टर्सचा विचार त्यानंतर.

आणि कुठलीही फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. सर्टिफिकेटला मान्यता कुणाची? प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास, कुणाच्या देखरेखीखाली? शिकून झाल्यावर नोंदणी कुठं होणार? उत्तर गोलमोल आलं की पैसे खिशातच ठेवा.

आपल्या सीनियर कॉलेजांच्या प्राचार्यांनाही विनंती. वेगळी डिग्री नको, निदान या दोन विषयांची जोडी तरी द्या. शिक्षक आहेत, मुलीही आहेत. अडलंय ते वेळापत्रकात.

आपल्या भागातलं कुणी हे शिकत असेल किंवा शिकून काम करत असेल, तर कमेंटमध्ये लिहा. खर्च किती आला, पगार किती मिळतो, खरं खरं सांगा. फोन करणाऱ्या मुलींना मी तेच वाचायला देईन.