पोर नाचते, तिच्यावरून नोट ओवाळू नका



१४ एप्रिल जवळ आला की वस्तीतल्या समाजमंदिरात लहान मुलांच्या नाचाच्या तालमी सुरू होतात. चार-पाच वर्षांची पोर पहिल्यांदाच मंचावर जाणार म्हणून आई हौसेने बांगड्या, गजरा जमवते. पुष्कळ घरांत नेमकी याच वेळी आजी अडवते, "आपल्या लेकीबाळींनी चारचौघांत नाचायचं नाही." सून हिरमुसते, पोर रडू लागते. पण आजीला जुनाट म्हणून गप्प बसवू नका. तिच्या बोलण्यामागे आपल्या समाजाने सोसलेले आहे.

संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या पवळाबाई महार समाजात जन्मल्या. तमाशात उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पठ्ठे बापूरावांच्या फडात त्यांनी मोठे नाव कमावले. तरी तमाशातल्या बाईच्या कलेला टाळी मिळाली, माणूस म्हणून मान मिळाला नाही. पुढे १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचाच घाट घेऊन त्यात शिक्षण आणि स्वाभिमानाचा विषय आणला. त्याच मंचावरून समाज जागा झाला.

म्हणून पोरीला जरूर नाचू द्या. आज शे-दोनशे माणसांपुढे न घाबरता उभी राहिली, तर उद्या वर्गात, मुलाखतीत, सभेत तिचे पाय लटपटणार नाहीत. मात्र एक पथ्य पाळा. नाच रंगला की एखादा काका कौतुकाने दहाची नोट पोरीवरून ओवाळतो, कुणी फ्रॉकला टाचणीने लावतो. त्याचा हेतू वाईट नसतो. पण दौलतजादाची रीत हीच होती आणि आजीला सलते ते हेच. मंडळाने सुरुवातीलाच सांगावे, की बक्षीस द्यायचे असेल त्याने मंडळाकडे द्यावे. त्यातून नाचलेल्या प्रत्येक मुलाला सारखीच वही-पेन्सिल मिळेल. ही घोषणा एखाद्या आजीलाच करू द्या. कोण नोट काढतो ते पाहू!

गाणे निवडताना त्याचा अर्थ पोरीला सांगता येईल असेच निवडा. मोठ्या बायांचे हावभाव तिच्या अंगावर लादू नका. भाड्याचा पोशाख परवडत नसेल तर आईच्या जुन्या लुगड्याचे घागरा-पोलके छान होते. मंचाच्या फळ्यांवर खिळे, उघड्या वायरी नाहीत ना, हे वडिलांनी आधी पाहावे. चिमुकल्यांचे नाच भाषणांच्या आधी ठेवा. रात्री अकराला पेंगुळलेले पोर काय नाचणार?

आणि ऐन वेळी ती सगळे विसरून नुसतीच उभी राहिली, तर खालून ओरडू नका. हसून टाळ्या वाजवा. घरी नेऊन जेवू घाला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिचे नाव द्या.