ब्रॅकेटची जागा नकाशावर हवी

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका नव्या सदनिकेत २५ लिटरचा गिझर फास्टनरसकट उपटून खाली आला. पहाटेची वेळ होती, न्हाणीघरात कोणी नव्हते, म्हणून निभावले. आम्ही ती भिंत जाऊन पाहिली. फास्टनर चांगल्या दर्जाचे होते आणि शाबूत होते. त्यांच्याभोवतीच्या एएसी (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट) ब्लॉकचे मात्र पीठ झाले होते.

एएसी ब्लॉकला आपले गवंडी अजूनही सरसकट ‘सिपोरेक्स’ म्हणतात. अॅल्युमिनियमच्या भुकटीने मिश्रणात हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि वाफेच्या दाबाखाली ते तसेच पक्के होते. म्हणून त्याचे वजन घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो, विटेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतके. दाब सोसण्याची ताकद चौरस मिलिमीटरला ३ ते ५ न्यूटन. एम-२५ काँक्रीटची २५. पसरणारा फास्टनर भोकाच्या कडा दाबूनच पकड घेतो. काँक्रीट तो दाब पेलते, ब्लॉकमधल्या पोकळ्या चुरडतात. पाना फिरवताना हाताला घट्ट लागते. पुढे ती पकड सैल होत जाते. अशा ब्लॉकमध्ये पसरणारा फास्टनर लावणे ही पहिली चूक.

दुसरी चूक हिशेबाची. आपण वस्तूचे वजन विचारतो, ती भिंतीपासून किती पुढे आहे हे विचारत नाही. २० किलोचा टीव्ही फिरत्या हातावर ५० सेंटिमीटर पुढे आला आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या बोल्टमध्ये २० सेंटिमीटर अंतर असले, तर वरच्या बोल्टांना ५० किलोची ओढ बसते. बोल्टमधले अंतर दुप्पट केले की ओढ निम्मी होते. उंच ब्रॅकेट घेणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

भिंत उभी राहून गेली असेल तर मशीनचा हॅमर बंद ठेवून, नुसत्या फिरत्या बिटाने भोक पाडावे. धूळ पुरती काढावी. गिलाव्याची जाडी पकडीत मोजू नये. लांबी ब्लॉकमध्ये मोजावी. सांधा आणि ब्लॉकची कड टाळावी. हलक्या सामानाला एएसीसाठीच बनवलेली नायलॉनची गिट्टी चालते. जड सामानाला उत्पादकाने एएसीसाठी शिफारस केलेला केमिकल अँकर वापरावा आणि तो पूर्ण सुकल्याशिवाय भार देऊ नये. भिंत १०० मिलिमीटरची असेल आणि मागची बाजू मोकळी असेल, तर आरपार बोल्ट घालून मागे रुंद लोखंडी पट्टी द्यावी. ती दिसते म्हणून घरमालक नाराज होईल. त्याला कारण समजावून सांगावे.

पण हे सगळे नंतरचे इलाज झाले. खरा निर्णय भिंत रचतानाच व्हायला हवा. गिझर, एसीचे बाहेरचे युनिट, टांगते कपाट, वॉश बेसिन यांच्या जागा नकाशात आधीच ठरलेल्या असतात. तेवढ्या उंचीवर आरसीसीची पट्टी ओतली किंवा दोन-तीन भरीव काँक्रीट ब्लॉक बसवले, तर साधा फास्टनरही आयुष्यभर टिकतो. हा खर्च किरकोळ आहे. तरीही तो होत नाही, कारण वास्तुविशारद तो कंत्राटदारावर सोडतो, कंत्राटदार प्लंबरवर, आणि प्लंबर शेवटी येणाऱ्या फिटरवर. त्या फिटरला भिंत कशाची आहे हेसुद्धा कोणी सांगत नाही, आणि वस्तू पडली की ठपका मात्र त्याच्यावर येतो.

म्हणून आमची विनंती आहे. हातातल्या कामाचा नकाशा काढा आणि जिथे जिथे जड वस्तू टांगली जाणार आहे तिथे लाल चौकट आखा. त्या चौकटीत काय ओतले, याचा गिलाव्याआधी टेपसह फोटो घ्या आणि किल्ल्यांसोबत घरमालकाला द्या. दहा वर्षांनी गिझर बदलायला येणारा मुलगा तो फोटो पाहील आणि मगच ड्रिल लावील.