बस सुटते, घर सुटत नाही

गावोगाव कार्यक्रम करत फिरणाऱ्या कलाकारांचं आपल्याला मोठं अप्रूप असतं. आज हे गाव, उद्या ते गाव, टाळ्या, पोस्टरवर फोटो. पण गाणारा पुरुष असेल, तर त्याच्या मागे घरी पोळ्या कोण लाटतं, मुलांचा ताप कोण काढतं, हे कुणी विचारत नाही. गाणारी बाई असेल तर मात्र पहिला प्रश्न तोच! अमेरिकेतल्या ‘कंट्री म्युझिक’ गाणाऱ्या बायकांच्या कहाण्या वाचताना मला हे सारखं जाणवत राहिलं.

कंट्री म्युझिक म्हणजे तिकडचं गावाकडचं गाणं. डोंगरातले शेतकरी, खाणकामगार, ट्रक ड्रायव्हर यांच्या सुखदुःखाचं. नॅशव्हिल हे शहर म्हणजे या गाण्याची पंढरी. तिथला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओवरचा कार्यक्रम १९२५ पासून चालू आहे. आठवडाभर बाहेरगावी गायचं आणि शनिवारी रात्री ऑप्रीसाठी नॅशव्हिल गाठायचं, अशी जुन्या कलाकारांची धावपळ असे. मोटारीत वाद्यं आणि माणसं कोंबायची, बसल्या जागी डुलक्या काढायच्या आणि रात्रभर गाडी हाणायची. हँक विल्यम्स हा तिथला केवढा मोठा गायक! १ जानेवारी १९५३ रोजी कार्यक्रमाला जाताना मोटारीच्या मागच्या सीटवरच त्याचा अंत झाला. वय अवघं २९.

आता मोठ्या कलाकारांकडे बस असते. आपल्या ट्रॅव्हल्सच्या स्लीपर कोचची थोरली बहीण म्हणा ना! एकावर एक तीन अशा साधारण बारा बर्थ, प्रत्येकीला पडदा. तेवढाच काय तो खासगीपणा. करकचून ब्रेक लागला तर डोकं आपटू नये म्हणून पाय ड्रायव्हरच्या दिशेला करून झोपायचं, हा तिथला नियम. बसमध्ये संडास असतो, पण तो फक्त लघवीपुरता. बाकीच्यासाठी वाटेतला थांबा यायची वाट बघायची. कार्यक्रम संपला की सामान भरायचं, रात्रभर प्रवास, सकाळी नवं गाव, दुपारी माइकची तपासणी, रात्री पुन्हा तेच. नव्या मुलामुलींच्या नशिबी तर ही बसही नसते. व्हॅनला मागे सामानाचा ट्रेलर जोडायचा आणि आळीपाळीने गाडीही आपणच चालवायची. एस.टी.ने रात्रीचा प्रवास केलेल्या कुठल्याही बाईला विचारा, पाळीच्या दिवसांत असा महिनाभराचा दौरा म्हणजे काय, ते ती न सांगताच समजेल.

पण हालअपेष्टा पुरुषांच्याही वाट्याला येतात. फरक आहे तो मागे राहिलेल्या घराचा.

या संगीताची सुरुवातच बघा. ऑगस्ट १९२७ मध्ये व्हर्जिनियाच्या डोंगरातलं कार्टर कुटुंब ब्रिस्टल गावी पहिलं ध्वनिमुद्रण करायला निघालं. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि भावजय मेबेल. सारासोबत तिचं तान्हं बाळ होतं आणि ते सांभाळायला थोरली मुलगी ग्लॅडिस. मेबेल अठरा वर्षांची, दिवस भरत आलेली. पुढच्याच महिन्यात ती बाळंत झाली. ज्या गाण्यांनी कंट्री संगीताचा पाया घातला, ती अशी तान्ह्या बाळाला सोबत घेऊन आणि गरोदरपणाचं ओझं वागवत गायली गेली. पुढे नवी गाणी गोळा करायला ए. पी. सारखा फिरतीवर राहू लागला. शेती, मुलं, घर सगळं साराच्या अंगावर. तो संसार शेवटी मोडला. १९३६ मध्ये घटस्फोट झाला. गाण्यांच्या इतिहासात ए. पी.च्या भटकंतीचं कौतुक होतं. ते व्हायलाच हवं, पण त्या भटकंतीची किंमत कुणी मोजली, तेही लिहिलं पाहिजे ना?

लोरेटा लिन केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न आणि विशीला टेकेपर्यंत चार मुलं. नवऱ्याने सतरा डॉलरची गिटार आणून दिली आणि १९६० मध्ये तिचं पहिलं गाणं आलं. ते वाजवा म्हणून सांगायला दोघं नवराबायको या रेडिओ स्टेशनहून त्या रेडिओ स्टेशनला मोटारीने फिरले. गाडीतच झोपायचं आणि सँडविचवर भूक भागवायची. १९६४ मध्ये तिला जुळ्या मुली झाल्या. १९७२ मध्ये कंट्री संगीतातला ‘वर्षातील सर्वोत्तम कलाकार’ हा मोठा मान तिला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली बाई. १९७५ मध्ये तिचं संततिनियमनाच्या गोळीवरचं गाणं आलं, तेव्हा कित्येक रेडिओ स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला. पाळण्याला आणि चुलीला बांधलेल्या बाईच्या मनातलं ती उघड बोलत होती, हेच लोकांना झोंबलं.

आणि हीच लोरेटा १९८४ मध्ये दौऱ्यावर असताना अतिश्रमाने आजारी पडून परगावच्या रुग्णालयात होती, तेव्हा तिचा थोरला मुलगा घराजवळच्या नदीत बुडून गेला. वाचताना पोटात तुटतं. तिच्या गैरहजेरीचा हिशेब जग करतं. वर्षातले कित्येक महिने दौऱ्यावर असणाऱ्या पुरुष गायकांचा असा हिशेब कुणी मांडला आहे का?

टॅमी वायनेट तीन लहान मुलींना घेऊन १९६६ मध्ये नॅशव्हिलला आली. त्याआधी ती केशकर्तनाचं काम करायची. पुढे लाखो लोक तिच्या गाण्यांवर जीव टाकू लागले, तरी तिने ते केस कापण्याचं लायसन दर वर्षी न चुकता नव्याने काढलं, अगदी शेवटपर्यंत. न जाणो, गाणं बंद पडलं तर मुलींच्या पोटाला काय घालायचं? केवढी प्रसिद्धी आणि केवढी ही धाकधूक! एकटीने घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

घरची ओढ माणसाला काय करायला लावते बघा. ५ मार्च १९६३ रोजी पॅट्सी क्लाइन कॅन्सस सिटीतला कार्यक्रम आटोपून लहान विमानाने घरी निघाली होती. हवा वाईट होती. डॉटी वेस्ट या मैत्रिणीने ‘आमच्याबरोबर मोटारीने चल’ म्हणून सुचवलं होतं, पण पॅट्सीला लवकर घरी पोचायचं होतं. विमान टेनेसीतल्या जंगलात कोसळलं. ती तीस वर्षांची होती आणि घरी दोन लहान लेकरं वाट बघत होती.

आज काय बदललंय? २०१५ मध्ये तिथल्या एका रेडिओ सल्लागाराने म्हटलं की, कंट्रीच्या सॅलडमध्ये पुरुष गायक म्हणजे पाला आणि बायका म्हणजे टोमॅटोच्या फोडी. त्या जास्त नकोत. गाणं रेडिओवर वाजलं नाही तर नाव होत नाही, नाव नाही तर मोठे कार्यक्रम नाहीत, आणि मोठे कार्यक्रम नाहीत तर मुलांना सोबत नेऊन सांभाळायला बाई ठेवण्याइतका पैसा कुठून येणार? कॅरी अंडरवुडसारखी मोठी गायिका २०१६ मध्ये जेमतेम वर्षाच्या मुलाला घेऊन दौऱ्यावर निघाली. २०१९ च्या दौऱ्यात तर तिच्याआधी गाणारे दोन्ही संच बायकांचेच होते. छानच आहे हे! पण व्हॅनमधून फिरणाऱ्या नवख्या मुलीला ते कसं परवडावं?

मैत्रिणींनो, अशा बायकांना आपण ‘घर आणि गाणं दोन्ही सांभाळलं हो’ असं म्हणून शाबासकी देतो. मला ती शाबासकी आता नकोशी वाटते. त्यात घरातल्या बाकीच्यांची आपोआप सुटका होते. बचत गटाचं काम करताना मी बघते, जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवसांचं प्रदर्शन असलं की बाई आदल्या रात्री जागून डबे भरते, भाजी चिरून ठेवते, सासऱ्यांची औषधं काढून ठेवते आणि मग निघते. स्टॉलवर बसूनही तिचा फोन चालूच, ‘कुकरच्या किती शिट्ट्या घेतल्या?’ तिचा नवरा चार दिवस कामासाठी परगावी गेला तर तो नुसती बॅग उचलतो.

बाईने अंगातली कला, हुन्नर घेऊन बाहेर पडावं असं वाटत असेल, तर तिच्या पाठीमागे घरात कुणीतरी हक्काने उभं राहायला हवं. त्याला मदत म्हणू नये, उपकार तर मुळीच नाही. तिचं काम हे काम आहे, म्हणून घरही सगळ्यांचं काम आहे. पुढच्या वेळी शेजारची कुणी दोन दिवस बाहेरगावी निघाली, तर ‘मुलांना कोण बघणार?’ हा प्रश्न तिला विचारू नका. विचारायचाच असेल तर तिच्या नवऱ्याला विचारा, आणि तोही आधी आपल्या घरात विचारून बघा.