सापडलेला रंग आणि लावलेला रंग

१/ जुन्या कृष्णधवल चित्रफिती संगणकाकडून रंगवून घ्यायच्या आणि ‘शंभर वर्षांपूर्वीचे शहर, खऱ्या रंगांत’ अशा मथळ्याखाली सर्वत्र पसरवायच्या, हा प्रकार आता नित्याचा झाला आहे. या मथळ्यातील ‘खऱ्या’ हा शब्द आक्षेपार्ह आहे. तो का, हे समजण्यासाठी पडद्यावरील रंगाचा इतिहास पाहावा लागतो. 🧵

२/ आरंभीचा चित्रपट निव्वळ काळा-पांढरा होता, हा मुळातच गैरसमज. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांच्या चित्रपटांच्या काही प्रती एलिझाबेथ तुइलिए यांच्या कार्यशाळेत हाताने रंगवल्या जात. तेथील स्त्रिया एकेक फ्रेम कुंचल्याने रंगवत. पाथे कंपनीने पुढे याच कामासाठी स्टेन्सिल वापरले.

३/ याहून स्वस्त मार्ग म्हणजे फितीचा तुकडाच रंगाच्या द्रावणात बुडवणे. रात्रीच्या प्रसंगाला निळी छटा, आगीच्या प्रसंगाला लाल. अनेक मूकपट प्रेक्षकांनी असेच पाहिले. हा रंग वरून लावलेला होता, आणि ते कोणी लपवीत नव्हते.

४/ निसर्गातील रंग टिपण्याचा व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरलेला पहिला प्रयत्न म्हणजे जॉर्ज आल्बर्ट स्मिथ आणि चार्ल्स अर्बन यांचे ‘किनेमाकलर’. यातील फीत साधी कृष्णधवलच असे. कॅमेऱ्यात लाल आणि हिरव्या गाळण्यांची चकती फिरे. त्यामुळे एका फ्रेमवर लाल प्रकाशाची नोंद होई, तर पुढच्या फ्रेमवर हिरव्या प्रकाशाची.

५/ प्रक्षेपकातही तशीच चकती असे. सेकंदाला सुमारे ३२ फ्रेम पडद्यावर येत आणि दोन रंगांचा मेळ प्रेक्षकाच्या डोळ्यांत होई. उणिवा अर्थातच होत्या. निळा रंग नीट उतरत नसे आणि हलत्या वस्तूंच्या कडांना लाल-हिरवी किनार दिसे.

६/ या तंत्राचा सर्वांत गाजलेला विषय भारतातला होता. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज मुंबईत अपोलो बंदरावर उतरले आणि १२ डिसेंबरला दिल्लीत दरबार भरला. त्या दौऱ्याचा किनेमाकलर चित्रपट १९१२ मध्ये लंडनच्या स्काला नाट्यगृहात झळकला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागण्यापूर्वीच लंडनकरांनी हिंदुस्थानचे वैभव रंगांत पाहिले होते.

७/ त्या चित्रपटाचा फारच थोडा भाग आज उपलब्ध आहे. चकतीशिवाय पाहिल्यास तो लुकलुकणारा कृष्णधवल तुकडा वाटतो. पण एकाआड एक फ्रेमला लाल आणि हिरवा रंग देऊन त्या जुळवल्या, की १९११ च्या उन्हातला रंग परत येतो. त्या दिवशी कॅमेऱ्यावर पडलेल्या प्रकाशाची ती नोंद आहे. हा ‘सापडलेला’ रंग.

८/ १९३२ मध्ये आलेल्या त्रिरंगी टेक्निकलरचे मर्मही हेच. कॅमेऱ्यातील लोलक प्रकाश विभागून तीन कृष्णधवल निगेटिव्हांवर तिन्ही मूळ रंगांच्या वेगवेगळ्या नोंदी करी. कृष्णधवल फीत रंगाचे साक्षीपत्र ठरू शकते, परंतु तशी नोंद मुळात झाली असेल तरच.

९/ सामान्य मूकपटांत अशी नोंद नसते. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रचलित असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फीत तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. तांबडे पागोटे आणि काळे पागोटे तिला सारखेच गडद दिसे. निळे आकाश पांढरे पडे. जो भेद फितीवर उतरलाच नाही, तो संगणक कोठून आणणार? इतर छायाचित्रांवरून तो केवळ तर्क लढवतो.

१०/ हा भेद किरकोळ नव्हे. पागोट्याचा, लुगड्याचा, निशाणाचा रंग कधी प्रदेश सांगतो, कधी प्रसंग, कधी सामाजिक स्थान. इतिहासाच्या अभ्यासकाला तो पुरावा असतो. तर्काने भरलेला रंग पुराव्याच्या जागी बसला आणि चित्रफीत हजारदा फिरली, की पुढच्या पिढीची समजूतच त्यावर उभी राहते.

११/ कृष्णधवल म्हणजे अपुरे, हे गृहीतकही तपासावे. प्रभातने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’चा रंगीत प्रयोग केला. प्रती जर्मनीत तयार झाल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. त्यानंतर त्याच संस्थेने ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘कुंकू’ (१९३७) कृष्णधवलात केले. ज्या चित्रपटाचे नावच एका लाल खुणेचे, त्याला लाल रंगावाचून काही अडले नाही.

१२/ रंगवल्यामुळे तरुण प्रेक्षक जुन्या चित्रपटांकडे वळतो, हा प्रतिवाद खरा आहे. २००४ मध्ये संपूर्ण रंगवलेल्या ‘मुघल-ए-आझम’ला चित्रपटगृहांत नवे प्रेक्षक मिळाले. पण मूळ चित्रपटात शीशमहालातील गाण्यासह मोजकाच भाग रंगीत होता. करड्या छटांनंतर एकाएकी रंग उधळल्याचा जो धक्का १९६० च्या प्रेक्षकाला बसला, तो सर्वत्र रंग भरल्यावर उरत नाही.

१३/ म्हणून रंगवण्यावर बंदी नको, परंतु प्रामाणिकपणाची सक्ती हवी. अशा फितीवर ‘रंगवलेली प्रत’ असे स्पष्ट लिहावे. मूळ कृष्णधवल दृश्य सोबत द्यावे. रंग कोणत्या आधारावर निवडले, तेही सांगावे. ‘पुनर्संचयित’ हा शब्द मात्र ज्यांत रंगाची मूळ नोंद आहे, अशा फितींसाठीच राखून ठेवावा.

१४/ पुढच्या वेळी ‘खऱ्या रंगांतली’ एखादी चित्रफीत समोर आली, तर ती पुढे पाठवण्यापूर्वी एवढेच विचारावे: ही कोणत्या फितीवर चित्रित झाली, आणि त्या फितीने रंग पाहिला होता का? उत्तर मिळाले नाही, तर तो रंग आजचा समजावा.